सव्वीस पुस्तकं आणि सुट्या चिठ्ठ्या

रविवारी सकाळी आम्ही दोघं पुस्तकांना कव्हरं घालत बसलो होतो. दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीआधीच्या रविवारी ते असायचंच, म्हणून त्यात काही विशेष वाटलं नाही. वाटलं असतं तर तिच्याकडे जरा बघितलं असतं. मी कागदाकडे बघत होतो.

बायको मराठी शाळेत सातवीला शिकवायची. मी पाचवी शिकलेला. गोरव्याला एका कारखान्यात लेथवर टर्नर होतो, कारखाना बंद पडला तेव्हा घरी बसलो. तरसालीला चाळीत दोन खोल्यांचं घर होतं आमचं. मूलबाळ झालं नाही. तिच्या माहेरी आजोबा, पणजोबा इथल्या महाराजांच्या दरबारात कारकून, शास्त्री वगैरे. माझे पणजोबा त्याच दरबारच्या फौजेत शिपाई. तिच्या आत्यानं लग्नातच विचारलं होतं, "जावई सही तरी करतो ना?" मी करतो. हेही मीच लिहितोय. चुका असतील त्या असोत.

तर कव्हरं. खाकी कागद मी मापानं कापायचा, घडी घालायची, कोपरे मैद्याच्या खळीनं चिकटवायचे. नुसत्या घडीची कव्हरं मुलं दोन दिवसांत काढतात. मग पुस्तकाच्या आत तिची चिठ्ठी चिकटवायची. चिठ्ठीवर मुलाचा रोल नंबर आणि त्या मुलासाठी एक ओळ. वर्गात सव्वीस मुलं, म्हणून सव्वीस पुस्तकं, सव्वीस चिठ्ठ्या. कव्हरावर ती पुस्तकाचं नाव लिहू द्यायची नाही. तुझ्या पुस्तकावर वाघ आणि माझ्यावर म्हातारी का, म्हणून मुलं भांडतात. सगळी सारखी दिसली की घरी जाऊन उघडतात, असं तिचं म्हणणं.

त्या दिवशी ती म्हणाली, "चिठ्ठ्या आत्ताच चिकटवून टाकूया."

मी म्हटलं, "कव्हर ओलं आहे. ओल्यावर चिकटवलीस तर कागदाला पोट येईल."

"येऊ दे. तुम्हाला आलंय, त्यानं काय अडलं?"

"तू वाचण्यातलं बघ. हे हातातलं काम आहे, ते मला कळतं."

"बरं बाबा, इंजिनियर."

मी प्रत्येक पुस्तकावर त्याची त्याची चिठ्ठी नुसती ठेवली. कारखान्यात असंच करायचो. जॉब, म्हणजे कातलेला भाग, तयार झाला की त्याचं कार्ड त्याच्या डोक्यावर ठेवायचं. एवढ्या वर्षांत माझा एक जॉब इकडचा तिकडे गेला नाही. संध्याकाळी कव्हरं वाळली की चिकटवू म्हटलं. ती हो म्हणाली आणि चहा ठेवायला उठली. पुढल्या खोलीभर जमिनीवर पुस्तकं मांडलेली होती, पाय ठेवायला जागा नाही. ती चवड्यांवर उड्या मारत गेली. सत्तावन्न वर्षांची बाई.

तिच्या वाचनाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

जूनमध्ये शाळा उघडली की ती हजेरीपट बघायची आणि म्हणायची, यंदा इतकी. जितकी मुलं तितकी पुस्तकं दिवाळीपर्यंत वाचायची, एकेकाला एक. आमचं लग्न झालं तेव्हा वर्गात पन्नासच्या वर मुलं असायची आणि दिवाळी जवळ आली की ती भाजी चिरतानाही पुस्तक पाटाला टेकवून ठेवायची. दोनदा बोट कापलं. पुढे मराठी घरांतली पोरंही इंग्रजी शाळेत जायला लागली. घरोघर केबल आली. एक बाप तिला तोंडावर म्हणाला, "बाई, गोष्टी वाचून कुठं नोकरी मिळते? कम्प्युटर शिकवा." वर्ग चाळिसावर आला, तिसावर आला. मी म्हटलं, बरं झालं, तुझं काम कमी झालं. तिला ते आवडलं नाही. दोन दिवस मला पोळी वाढताना ती नुसती ताटात टाकायची.

कुणाला काय द्यायचं ते ती लिहून ठेवत नसे. लिहिलं की मुलं टेबलावरून डोकावतात. वहीत फक्त पुस्तकांची नावं आणि वाचून झालं की पुढे बरोबरची खूण. कुठलं कुणाला, ते डोक्यात. वहीच्या शेवटच्या पानावर आणखी एक यादी होती, अकरा पुस्तकांची, जाडजाड. ती तिची स्वतःची. निवृत्त झाल्यावर वाचायची. येत्या जूनमध्ये निवृत्त होणार होती. त्या यादीपुढे एकही खूण नव्हती. इतकी वर्षं बाई मुलांचीच पुस्तकं वाचत राहिली.

आणि एक नियम होता. शेवटच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय पुस्तक द्यायचं नाही. त्याला कारण होतं. फार पूर्वी एका वर्षी तिची दोन-तीन पुस्तकं वाचायची राहिली, तेव्हा दुसऱ्या कुठल्या बाईंनी चांगलं आहे म्हणून सांगितलेलं एक पुस्तक तिनं न वाचता एका मुलीला दिलं. त्या मुलीची आई तीन महिन्यांपूर्वी गेली होती. पुस्तकात नेमकी आई मरते, तेही सविस्तर. सुट्टीनंतर ती मुलगी पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आली, टेबलावर ठेवलं आणि जागेवर जाऊन बसली. वर्षभर तिनं दुसरं पुस्तक घेतलं नाही. बायको ते मला बऱ्याच वेळा सांगायची. शेवटी मी म्हणालो, "पुरे ना आता, कितीदा." मग सांगायची थांबली.

जेवताना ती चालू पुस्तकाची गोष्ट मला सांगायची. मी टीव्हीवर मॅच बघत हूं हूं करायचो. तिला कळायचं. मधेच म्हणायची, "सांगा बघू, बकरी कुणाची होती?" मी म्हणायचो, "तेंडुलकरची." ती हसायची आणि पुढे सांगायची.

त्या वर्षी तिच्या वर्गातल्या एका मुलीचे वडील श्रावणात गेले होते. रोल नंबर चौदा. हे मला माहीत होतं, कारण त्या मुलीला काय द्यायचं यावर आमच्याकडे महिनाभर चर्चा चालली होती. म्हणजे ती करत होती. आणि यंदाच्या सव्वीसांत एका पुस्तकात बाप मरतो हेही मला माहीत होतं. ती म्हणाली होती, "शेवटी नाही मरत. मधेच कुठंतरी मरतो, आणि पुस्तक पुढे चालूच राहतं." ते तिनं दुसऱ्या कुणासाठी ठेवलं होतं. कुणासाठी, तेव्हा मॅच चालू होती.

रविवारी अकराच्या सुमाराला ती म्हणाली, खांदा दुखतोय. मी म्हटलं, सकाळपासून वाकून बसलीस, दुखणारच. बाम लावला. अर्ध्या तासानं घाम फुटला. शेजारच्या गुजराती बेननी रिक्षा आणून दिली. दवाखान्यात पोचेपर्यंत ती माझ्याशी बोलत होती. काय बोलली ते आठवत नाही. रिक्षाचा आवाज होता. साडेबाराला डॉक्टर बाहेर आले.

घरी आणलं तेव्हा मेहुणी आधीच आली होती, तिच्यासोबत चाळीतल्या बायका. मेहुणी छाणीला राहते, कुणी फोन केला माहीत नाही. पुढल्या खोलीत हिला ठेवायला जागा केलेली होती. जमीन पुसून लख्ख. मी म्हटलं, "पुस्तकं?"

"ठेवली भाऊजी, सगळी नीट ठेवली," मेहुणी म्हणाली.

पलंगाखाली दोन गठ्ठे होते. चिठ्ठ्या गोळा करून कुणीतरी बिस्किटांच्या रिकाम्या पुड्यात भरून वर ठेवल्या होत्या. एकही हरवली नव्हती. मी तिथंच उकिडवा बसून मोजल्या. सव्वीस. लोकांना वाटलं मी कोसळलो. दोघांनी मला काखेत धरून उठवलं.

पाचच्या आधी नेलं. सगळं मीच केलं, करणारा मीच होतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही. कुणीतरी कुणालातरी हळू म्हणालं, धक्का बसलाय. तसं काही नव्हतं. चिठ्ठ्या चिकटवायला हव्या होत्या, एवढंच डोक्यात फिरत होतं. उद्या शाळेचा शेवटचा दिवस, उद्या दिली नाहीत तर सुट्टी लागली.

आंघोळ करून बाहेर आलो, पलंगाखालून गठ्ठे ओढले. कोपऱ्यात पणती लावलेली होती, तिच्यापासून दूर बसलो. बेननी खिचडी-कढी पाठवली होती ती तशीच झाकलेली. मी एकेक चिठ्ठी काढून वाचायला लागलो. तिचं अक्षर मोठं आणि सुटं. मुलांना वाचता यावं म्हणून तसं असेल, पण मलाही वाचता आलं.

रोल नंबर तीन, यातल्या म्हातारीसारखं तूही खोटं बोलतोस, पण ती पकडली जाते.

रोल नंबर नऊ, नकाशा शेवटच्या पानावर आहे, आधी बघू नकोस.

रोल नंबर वीस, हळू वाच, संपलं की वाईट वाटेल.

रोल नंबर चौदा, हसू आलं तर हस. मी हसले.

चौदाची मी वेगळी ठेवली. बाकीच्यांची पुस्तकं जेवतानाच्या गोष्टी आठवून लावायला लागलो. म्हातारीचं सापडलं. नकाशा ज्याच्या शेवटच्या पानावर आहे ते तर सोपं होतं. बकरीचं सापडलं. रात्री उशिरापर्यंत नऊ जुळली. बाकीच्यांचं काही आठवेना. ऐकलं असतं तर आठवलं असतं.

मेहुणी येऊन उभी राहिली. "भाऊजी, आता हे कशाला काढलंत?"

"उद्या शाळेत द्यायची आहेत."

"कोण देणार?"

"मी."

"सुतकात?" ती खालीच बसली. "दहा दिवस उंबऱ्याबाहेर जायचं नाही तुम्ही. परवा अस्थी आणायच्या आहेत. आणि सुतकातल्या घरातल्या वस्तू लोकांच्या पोरांच्या हातात द्यायच्या? ऐन दिवाळीत? आया शिव्या देतील."

"देऊ देत."

"ताईला आवडलं असतं का हे?"

"तुझ्या ताईनं जूनपासून यासाठी डोळे फोडलेत. तुला माहीत नसेल. तू तिच्याकडून साड्यांखेरीज काय नेलंस कधी?"

हे मी बोललो. बोलायला नको होतं. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिचा रडण्याचा आवाज आला. थोड्या वेळानं परत आली, दोन पिशव्या घेऊन. "कापडी आहेत. प्लॅस्टिकच्यात कव्हरं फाटतील," म्हणाली, आणि पिशव्या माझ्यासमोर टाकून गेली.

मी झोपलो. लोकांना झोप लागत नाही म्हणतात. मला लागली.

सकाळी उठून थंड पाण्यानं आंघोळ केली. जुळलेली नऊ पुस्तकं एका पिशवीत, न जुळलेली सतरा दुसरीत. चिठ्ठ्या खिशात. रिक्षावाल्यानं माझं डोकं बघितलं, केस उतरवलेले, आणि विचारलं, "काका, कोण गेलं?" मी गुजरातीत म्हटलं, "घरमांथी," म्हणजे बायको. त्यानं रेडिओ बंद केला.

शाळेत मोठ्या बाई दारातच भेटल्या. आदल्या दिवशी स्मशानापर्यंत आल्या होत्या. त्यांना वाटलं मी रजेच्या नाहीतर पेन्शनच्या कागदांसाठी आलोय. मी पिशव्या दाखवल्या.

"अहो, आज? ठेवून जा, आम्ही देतो वाटून."

"कशी वाटणार?"

"कोणतंही कोणाला. पुस्तकं काय, सगळी चांगलीच असतात. आपल्या बाईंनीच निवडलेली."

"कोणतंही नाही चालत," मी म्हटलं. आई गेलेल्या त्या जुन्या मुलीची गोष्ट सांगायला गेलो आणि मधेच थांबलो. लांब होती. "मला एक तास द्या. नंतर मी जातो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि सातवीच्या वर्गात घेऊन गेल्या. मुलांना बातमी कळलेली होती. मी शिरलो तशी सगळी उठून उभी राहिली. टेबलावर मोगऱ्याची माळ ठेवली होती आणि हजेरीपट. मी खुर्चीवर बसलो नाही. तिथं बसायचं माझं शिक्षण नाही.

मी म्हटलं, "तुमच्या बाईंनी तुमच्यासाठी पुस्तकं वाचली. सगळी संपवली. कुठलं कुणाचं ते त्यांनी ठरवलं होतं. मी मिसळून टाकली. त्या म्हणत होत्या चिठ्ठ्या आत्ताच चिकटवूया, मी ऐकलं नाही. चूक माझी आहे."

मी रोल नंबरानं चिठ्ठ्या वाटल्या. त्या तर चुकण्यासारख्या नव्हत्या. चौदा म्हटल्यावर तिसऱ्या बाकावरून एक बारीक मुलगी उठली. दोन घट्ट वेण्या. चिठ्ठी घेतली, वाचली, घडी केली आणि मुठीत ठेवली.

जुळलेली नऊ ज्याची त्याला दिली. राहिलेली सतरा टेबलावर पसरली आणि म्हटलं, या, उघडा, आपलं आपण ओळखा. पोरं तुटून पडली. कुणी चित्रं बघून, कुणी मधलं पान वाचून. "ए, हे माझं, बघ, यात क्रिकेट आहे, बाईंनी लिहिलंय 'तुझा खेळ'." "चल, तुझा कसला खेळ, तू बारावा." "काका, याला सांगा ना!" दोघं एकाच पुस्तकाला धरून ओढत होते. मी हात आपटला तेव्हा सोडलं. दहा मुलांची पुस्तकं सापडली. ती चिठ्ठीशी जुळत होती, मी प्रत्येकाची ओळ वाचून घेतली.

सात राहिली. त्यांत ती वेण्यांची मुलगी होती. आणि बाप मरतो ते पुस्तक त्या सातांतच असणार, कारण गेलेल्या एकोणीसांत ते नाही एवढं मला नक्की कळत होतं. त्या सगळ्यांच्या ओळी हलक्या होत्या.

मोठ्या बाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "आता द्या ना एकेक."

मी सातही मुलांना पुढच्या बाकावर बोलावलं. पहिलं पुस्तक घेतलं आणि वाचायला लागलो. मी माझ्या आयुष्यात कुणापुढे मोठ्यानं वाचलेलं नाही. जोडाक्षर आलं की थांबतो. बोट ओळीखाली ठेवल्याशिवाय मला ओळ सापडत नाही. मुलं धीरानं ऐकत होती. दोन पानं झाल्यावर एक मुलगी म्हणाली, "हे माझं आहे, काका. बाईंनी मला नदीचं देणार म्हणून सांगितलं होतं." तिच्या चिठ्ठीवरही नदीच होती. दिलं. दुसरं असंच एकाला मिळालं. तिसरं कुणालाच आपलं वाटेना, बाजूला ठेवलं.

चौथं एका मामाचं होतं. मामा नवा फ्रिज घेतो आणि विजेचं बिल येईल म्हणून त्यात कपड्यांच्या घड्या ठेवतो. मामा फ्रिजसमोर उभा राहून शेजाऱ्यांना काय सांगतो ते वाचताना एका शब्दावर अडकलो, परत वाचला, परत अडकलो. कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळी हसायला लागली, मागच्या बाकावरचीही. पुस्तकाला हसत होती की माझ्या वाचण्याला, मला कळलं नाही. चौदा नंबर तोंडावर हात धरून हसत होती, हातातली चिठ्ठी चुरगळली होती.

मी पुस्तक मिटून तिच्यापुढे धरलं.

"माझं?"

"चिठ्ठी काय म्हणते?"

तिनं घडी उलगडून बघितली. मग पुस्तक घेतलं. जागेवर जाऊन तिनं चिठ्ठी पहिल्या पानात घातली आणि पुढे वाचायला सुरुवात केली. मी वाचत होतो त्याच ओळीपासून.

त्यानंतर घाई नव्हती. पाचवं, सहावं वाचलं, दोघांना मिळाली. बाजूला ठेवलेलं तिसरं पुन्हा वाचलं तेव्हा एका मुलाला ते पटलं, आधी त्याचं लक्ष नव्हतं म्हणाला. कुणाकुणाच्या वेळी मी चुकलो असेन. छातीवर हात ठेवून सांगत नाही.

शेवटी एक मुलगा आणि एक पुस्तक राहिलं. उंच पोरगा, ओठावर नुकती मिसरूड. मी दोन पानं वाचली. त्यात एक बाप पहाटे कामाला निघतो आणि मुलगा झोपेचं सोंग घेऊन बघत असतो. मी थांबलो. पोराची चिठ्ठी मागितली. 'सगळी पुस्तकं खोटी असतात म्हणालास. हे वाचून मला सांग.' असं लिहिलं होतं.

मी विचारलं, "तुझे वडील आहेत ना?"

"आहेत की. मकरपुऱ्यात कामाला आहेत. का?"

"काही नाही. हे तुझं वाटतं का?"

"माझंच असणार."

"कशावरून?"

"दुसरं उरलंच नाही ना, काका."

ते खरंच होतं. मी पुस्तक दिलं. त्यानं दप्तरात टाकलं, मग परत काढून चिठ्ठी नीट आत ठेवली. मोठ्या बाईंनी मला पाणी आणून दिलं. ते प्यायलो, पिशव्यांच्या घड्या घातल्या आणि रिक्षा बघायला बाहेर आलो.